एका दिवसात प्राग बघायचं असेल तर टेकडीवरून सुरुवात करा

व्हिएन्ना झालं, बर्लिन बाकी आहे, मधे एक दिवस मोकळा आहे, चला प्राग करून टाकू. आपल्याकडच्या बहुतेकांचं प्राग असंच ठरतं. मी ड्रेस्डेनला राहते, तिथून ट्रेनने प्राग साधारण अडीच तासांवर, त्यामुळे पुण्याहून कोणीही आलं की एक दिवस प्रागचा ठरलेलाच. आई-बाबा, सासूबाई, मैत्रिणी, कॉलेजातले भाचे, सगळ्यांना नेऊन झालंय. एक दिवस कमी पडतो हे खरं, पण नीट आखला तर तो खूप काही देऊन जातो, आणि आखायचं म्हणजे मुख्य गोष्ट एकच: स्टेशनवर उतरल्या उतरल्या ओल्ड टाउनकडे चालत सुटायचं नाही. सगळे तेच करतात, तिथलं प्रसिद्ध खगोलीय घड्याळ बघतात, चार्ल्स ब्रिजवर गर्दीत अडकतात, मग भर दुपारी भरल्या पोटी किल्ल्याचा चढ चढतात आणि वर पोचेपर्यंत पाय गेलेले असतात आणि वेळही संपत आलेली असते. तुम्ही उलटं करा. सकाळी ट्रॅमने टेकडीच्या माथ्यावर जा आणि तिथून दिवसभर उतरत, नदी ओलांडत, संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला या. चढ सगळा ट्रॅमच्या वाट्याला आणि उतार आपल्या.

१. निघायच्या आधी: कागदपत्रं आणि सामान

चेक रिपब्लिक २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे जर्मनीचा किंवा ऑस्ट्रियाचा शेंगेन व्हिसा असेल तर प्रागसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण लंडनहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो. व्हिसाचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर ज्या देशात पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडे, आणि त्यासोबत किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- मूळ पासपोर्ट. फोटोकॉपी किंवा मोबाईलमधला फोटो पुरत नाही. बॉर्डरवर ट्रेनमध्ये पोलीस चढतात, रोज नाही पण चढतात.
- जर्मनीत किंवा आणखी कुठे शिकायला, नोकरीला असाल तर रेसिडेन्स परमिटचं कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही. नुसतं कार्ड घेऊन जाणारे विद्यार्थी खूप बघितलेत, तसं करू नका.
- इन्शुरन्सचा कागद, स्टुडंट असाल तर आयडी (तिकिटात सूट मिळते), ज्येष्ठांचा वयाचा पुरावा, तोही पासपोर्टच.
- जाड तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट. प्रागचे रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, छोटे छोटे चौकोनी दगड, पावसात निसरडे होतात. नवे बूट आणि नाजूक चपला दोन्ही घरी ठेवा. बाबागाडी नेणार असाल तर मोठ्या चाकांची न्या.
- पाण्याची बाटली. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.
- पॉवर बँक आणि ऑफलाइन मॅप.

बॅगा बरोबर असतील तर मुख्य स्टेशनवर लॉकर आहेत, आधी तिथे टाका. मोठी बॅग घेऊन किल्ल्यात जायचा विचारही करू नका.

ड्रेस्डेनकडून ट्रेनने येणार असाल तर जाताना डाव्या बाजूची खिडकी पकडा. एल्ब नदी बॉर्डरच्याही पुढे बराच वेळ त्या बाजूने सोबत असते आणि मधे वालुकाश्माचे उंच सुळके लागतात, तेवढा वेळ मोबाईल बाजूला ठेवण्यासारखा आहे.

२. पैसे: इथे युरो नाही

इथलं चलन कोरुना. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना धरा. पुष्कळ दुकानं युरो घेतात पण त्यांच्या भावाने, आणि तो भाव आपल्या फायद्याचा नसतो. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, ट्रॅममध्येसुद्धा, त्यामुळे एका दिवसासाठी खूप कॅश लागतच नाही. टॉयलेटसाठी आणि एखाद्या छोट्या स्टॉलसाठी थोडी नाणी असली की झालं.

आता सापळे, कारण प्रागमध्ये लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

कार्ड घातल्यावर मशीन विचारतं, रुपयांत (किंवा युरोत) पैसे कापू का कोरुनात? आपल्या चलनातला आकडा दिसला की बरं वाटतं आणि माणूस तिथेच बटण दाबतो. नेहमी कोरुना निवडा. दुसऱ्या पर्यायात मशीनवाला स्वतःचा रेट लावतो. एटीएम हवं असेल तर बँकेच्या शाखेत किंवा शाखेच्या भिंतीला असलेलं शोधा, टुरिस्ट गल्लीत दर दहा पावलांवर उभी असलेली सुटी मशीनं टाळा.

मनी एक्स्चेंजच्या दुकानावर शून्य टक्के कमिशन असं मोठ्ठं लिहिलेलं असतं. कमिशन शून्य असतं पण रेट वाईट असू शकतो, म्हणून आधी एकच विचारायचं, मी १०० युरो दिले तर हातात किती कोरुना येतील? आकडा ऐका, मोबाईलवर पडताळा, मगच नोट काढा. तरीही गडबड झालीच तर घाबरू नका, २०१९ पासून इथे कायदा आहे की एक्स्चेंजच्या दुकानात केलेला व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, १००० युरोच्या रकमेपर्यंत, फक्त पावती पाहिजे. आणि रस्त्यावर कोणी जवळ येऊन चांगल्या भावाने बदलून देतो म्हणाला तर थांबायचंच नाही. ते लोक भलत्याच देशाच्या, कधी कधी चलनातून गेलेल्या नोटा हातात टेकवतात आणि नवख्या माणसाला कोरुनाची नोट कशी दिसते हेच माहीत नसतं.

३. ट्रॅम-मेट्रोचं तिकीट

मेट्रोच्या तीन लाइन आहेत, ए हिरवी, बी पिवळी, सी लाल, आणि बाकी सगळं शहर ट्रॅमवर चालतं. एकच तिकीट मेट्रो, ट्रॅम, बस सगळ्याला चालतं आणि ते अंतरावर नाही तर वेळेवर असतं. मोजून दोन-तीनदाच बसणार असाल तर सुटी तिकिटं काढा, सोबत ज्येष्ठ असतील तर सरळ २४ तासांचं घ्या, म्हणजे दोन स्टॉपसाठीसुद्धा बिनधास्त चढता येतं.

मेट्रोला आपल्यासारखं गेट नाही. कोणी अडवत नाही, थेट प्लॅटफॉर्मवर जाता येतं, आणि इथेच घोळ होतो. कागदी तिकीट घेतलं तर ते पिवळ्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, मेट्रोत खाली उतरायच्या आधी आणि ट्रॅममध्ये चढल्या चढल्या. एकदाच मारायचा, दर वेळी नाही. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही, मग ते खिशात कोरं करकरीत असलं तरी दंड होतो. अ‍ॅपवर काढलं तर तेही अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं आणि सुरू व्हायला थोडा वेळ घेतं, म्हणून ट्रॅम समोर दिसल्यावर नाही, स्टॉपवर पोचल्यावरच करा. चेकर साध्या कपड्यांत असतात, बिल्ला दाखवतात.

एअरपोर्टवरून येणाऱ्यांसाठी ५९ नंबरची ट्रॉलीबस आहे, ती नाद्राझी वेलेस्लावीन या हिरव्या लाइनच्या मेट्रो स्टेशनला सोडते. टॅक्सी हवीच असेल तर अ‍ॅपवरून बोलवा, रस्त्यावर हात करून थांबवू नका.

४. सकाळी वर जायचं

मुख्य स्टेशन म्हणजे ह्लाव्नी नाद्राझी, ते लाल लाइनवर आहे. तिथून एकच स्टेशन पुढे मुझेउम, तिथे हिरव्या लाइनला बदला आणि मालोस्त्रान्स्का स्टेशनला उतरा. बाहेर आलात की २२ नंबरची ट्रॅम, बिला होरा दिशेची. ही ट्रॅम वळणं घेत टेकडी चढते. आता कुठे उतरायचं ते तुमच्या गुडघ्यांवर.

गुडघे ठीक असतील तर पोहोर्झेलेत्स. तिथून दोन मिनिटांवर स्त्राहोव्ह मठ आहे, त्याच्या आवारातून पुढे कठड्यापाशी गेलात की अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं, लाल कौलं, मनोरे, मधून नदी. मठाची लायब्ररी सुंदर आहे पण नेहमीच्या तिकिटावर दालनं दारातूनच बघायला मिळतात, एका दिवसात ती सोडा. मग उतरत लोरेटा या चर्चवरून किल्ल्यासमोरच्या चौकात या. तास भरायच्या सुमाराला लोरेटापाशी असाल तर मिनिटभर थांबा, मनोऱ्यातल्या २७ घंटा मिळून एक धून वाजवतात.

आई-बाबा सोबत असतील तर त्याच्या दोन स्टॉप आधी, प्राझ्स्की ह्राद या स्टॉपवर उतरा. तिथून किल्ल्याचं उत्तरेकडचं दार जवळजवळ सपाट रस्त्याने गाठता येतं.

साडेनऊच्या आत दारात असायचं असं धरून निघा. किल्ल्यातल्या इमारती ९ वाजता उघडतात, टूरच्या बसेस दहा-साडेदहापासून रिकाम्या व्हायला लागतात, त्यामुळे हा मधला तास सोन्याचा. रविवारी मात्र गणित वेगळं, सकाळी प्रार्थना असते म्हणून कॅथेड्रल पर्यटकांना दुपारी १२ नंतरच उघडतं. त्या दिवशी आधी बाकीचा किल्ला करा आणि कॅथेड्रल शेवटी.

५. किल्ल्यात काय बघायचं, काय सोडायचं

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तट-बुरूज येतात. हा तसा नाही, सुमारे ७०,००० चौरस मीटरचं छोटं गावच आहे, नवव्या शतकापासून वाढत आलेलं, आत चौक, चर्च, राजवाडा, गल्ल्या, आणि आजही राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय इथेच आहे. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत, इमारतींत जायला लागतात. मुख्य तिकिटात कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन येतं. ते घ्याच.

सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली पूर्ण झालं, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं. आत शिरल्यावर थोडा भाग बिनतिकिटाचा असतो आणि बहुतेक लोक तिथूनच फोटो काढून परत फिरतात. तुम्ही आत जा. डाव्या हाताच्या खिडक्यांमध्ये एक खिडकी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते, ती आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची, १९३१ साली बसवलेली. चर्चच्या काचा सहसा रंगीत तुकडे शिशात जोडून करतात, इथे त्याने काचेवर चक्क रंगवलंय, म्हणून माणसांचे चेहरे एवढे मऊ आलेत. मधोमध लाल कपड्यातला छोटा मुलगा आणि मागे त्याची आजी दिसते, तो म्हणजे पुढे चेक लोकांचा संत झालेला वेन्सेस्लास आणि त्याची आजी लुडमिला. कडेला निळे-हिरवे रंग आणि मधे येत येत सोनेरी-लाल. खाली नीट बघितलं तर खर्च उचलणाऱ्या बँका स्लाविया या संस्थेचं नावही काचेतच लिहिलेलं दिसतं, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं ना, तसं. सकाळचं ऊन असेल तर इथे पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पुढे गेल्यावर सेंट जॉन नेपोमुकचं चांदीचं थडगं लागतं. त्याचं नाव लक्षात ठेवा, दुपारी पुलावर पुन्हा भेटायचाय.

जुन्या राजवाड्यातला व्लादिस्लाव हॉल इतका मोठा आहे की त्यात घोड्यावरच्या स्पर्धा व्हायच्या, आणि घोडे वर यावेत म्हणून वेगळा रुंद जिना बांधलाय, तोही बघायला मिळतो. त्याच्या बाजूच्या खोलीत ती खिडकी आहे जिच्यातून २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सेक्रेटरीला बाहेर फेकून दिलं. तिघंही वाचले, पण त्यातून जे युद्ध पेटलं ते युरोपभर तीस वर्षं चाललं. खोली साधी आहे, नुसती चक्कर मारून निघालात तर काहीच कळणार नाही. खिडकीतून खाली वाकून बघा म्हणजे उंची कळते.

गोल्डन लेन म्हणजे तटाला चिकटलेली बुटकी रंगीत घरं, २२ नंबरच्या घरात १९१६-१७ च्या हिवाळ्यात लेखक काफ्का लिहीत बसायचा. गल्ली चिंचोळी आहे, गर्दीत मजा जाते, त्यामुळे अकराच्या आत बघून घ्या. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढायचा मोह होईल, २८७ पायऱ्या आणि तिकीट वेगळं. एका दिवसात मी तो सोडायला सांगेन, कारण स्त्राहोव्हहून शहर बघून झालंय आणि पाय संध्याकाळपर्यंत लागणार आहेत.

६. उतार, बाग आणि जेवण

गोल्डन लेन संपते तिथून पूर्वेकडचं दार जवळ आहे. त्यातून बाहेर पडलात की जुन्या किल्ल्याच्या पायऱ्या थेट मालोस्त्रान्स्का स्टेशनपाशी उतरतात. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी उत्तरेच्या दाराने परत जाऊन २२ नंबरनेच खाली यावं.

खाली आल्यावर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये असाल तर वाल्डस्टाइन बागेत जाच. स्टेशनला लागूनच दार आहे, प्रवेश फुकट, आत मोर मोकळे फिरत असतात आणि एका बाजूला गुहेतल्या लोंबत्या चुनखडीसारखी दिसणारी अजब कृत्रिम भिंत आहे, जिच्यात लोक चेहरे आणि प्राणी शोधत बसतात. इथे बाकांवर बसता येतं, सकाळपासून पहिल्यांदाच. चेक सिनेट याच वाड्यात भरते.

जेवणाचं. आठवड्याच्या दिवशी साधारण ११ ते २ पर्यंत साध्या रेस्टॉरंटमध्ये पोलेद्नी मेनू असतो, म्हणजे ऑफिसवाल्यांसाठी दुपारचं स्वस्त जेवण, पाटीवर खडूने किंवा एका कागदावर लिहिलेलं. बऱ्याचदा फक्त चेकमध्येच असतं, मोबाईलवर भाषांतर करून घ्या. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत जा, भाव लगेच उतरतात.

व्हेज लोकांसाठी: स्माझेनी सीर, म्हणजे चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला, सोबत बटाटा आणि टार्टर सॉस. पोट भरतं. बटाट्याचे ब्राम्बोराक नावाचे थालीपीठवजा पदार्थ मिळतात, लसूण आणि मार्जोरम घातलेले, छान लागतात पण ते चरबीत तळलेत का हे विचारा. लसणाचं सूप म्हणजे चेस्नेच्का, नाव ऐकून व्हेज वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी मटणाच्या नाहीतर हाडांच्या पाण्यात केलेलं असतं. बेझ मासा म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा, आणि हॅम, बेकन वेगळं विचारा. कडक शाकाहारी असाल, अंडंही चालत नसेल, तर शहरात व्हीगन ठिकाणं आणि इंडियन रेस्टॉरंट्स भरपूर आहेत, आदल्या दिवशीच मॅपवर एक-दोन खूण करून ठेवा. सासूबाईंसाठी मी घरून ठेपले नेते आणि बागेच्या बाकावर बसून खातो, तेही मस्त होतं. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी गुलाश आणि क्नेद्लिकी, म्हणजे वाफवलेल्या पावासारख्या चकत्या, चुकवू नका.

टेबलावर आधीच ब्रेड किंवा प्रेट्झेल ठेवलेले असतील तर ते फुकट असतीलच असं नाही, हात लावायच्या आधी विचारा. टिप साधारण दहा टक्के, बिलात आधीच धरलेली नाही ना एवढं बघा.

७. चार्ल्स ब्रिज

मालोस्त्रान्स्काहून नदीच्या बाजूने चालत पुलाच्या पश्चिम टोकाला या. चौथ्या कार्ल राजाने १३५७ साली पाया घातला, ५१६ मीटर लांब, १६ कमानी, दोन्ही बाजूंना मिळून ३० पुतळे. आता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. दुपारी गर्दी असणारच, चिडू नका, मधोमध चालण्यापेक्षा कठड्याच्या बाजूने चाला आणि बॅग पोटाशी घ्या. खिसेकापूंच्या आवडत्या जागा तीन, हा पूल, ओल्ड टाउनमधलं घड्याळ आणि आपली २२ नंबरची ट्रॅम.

पुलाच्या साधारण मध्यावर, तुम्ही किल्ल्याकडून येत असाल तर डाव्या हाताला, डोक्याभोवती पाच तारे असलेला ब्राँझचा पुतळा दिसेल, तोच सकाळचा जॉन नेपोमुक. १३९३ साली राजाच्या हुकमाने त्याला इथून नदीत टाकलं. कारण राजाशी चर्चच्या अधिकारांवरून झालेलं भांडण, पण लोक सांगतात ती गोष्ट वेगळी: राणीने त्याच्याकडे दिलेली कबुली राजाला सांगायला तो तयार झाला नाही. पुतळा १६८३ चा, पुलावरचा सगळ्यात जुना. खालच्या फलकावर लोक हात लावून जातात, तेवढाच भाग सोन्यासारखा चकाकतो आणि बाकी ब्राँझ काळं पडलंय. बाकीचे बरेचसे पुतळे प्रतिकृती आहेत, मूळ दगडी पुतळे झिजू नयेत म्हणून आत नेऊन ठेवलेत.

८. ओल्ड टाउन स्क्वेअर आणि ते घड्याळ

पूल संपला की कार्लोवा गल्ली, सोव्हेनिअरची दुकानं आणि साखरेत घोळवलेलं त्रदेल्निक. जुना चेक पदार्थ म्हणून विकतात पण इथल्या लोकांच्या घरातला तो नाही, गेल्या काही वर्षांत टुरिस्टांसाठी पसरलाय. गरम असेल तर गोड म्हणून खा, परंपरा म्हणून जादा पैसे देऊ नका. आणि चौकातल्या स्टॉलवर भाजलेलं हॅम घेणार असाल तर पाटी नीट वाचा, लिहिलेला भाव बहुतेक १०० ग्रॅमचा असतो आणि वाढताना तुकडा त्याच्या कितीतरी पट मोठा कापतात. आधी वजन सांगा.

घड्याळ, म्हणजे ओरलोय. १४१० सालचं, आजही चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं खगोलीय घड्याळ. सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूचे बारा प्रेषित फिरतात, बाजूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. हे सगळं मिनिटभरात संपतं आणि गर्दी पांगते, पुष्कळ जण एवढंच का म्हणून निघून जातात. तुम्ही गर्दी पांगल्यावर पुढे जा आणि तबकडी वाचा, खरी गंमत तिच्यात आहे आणि आपल्याला तर ती पटकन कळते.

आतलं लहान, एका बाजूला सरकलेलं वर्तुळ राशींचं आहे. सोनेरी सूर्य ज्या राशीच्या खुणेवर असेल ती सूर्याची रास. चंद्राचा छोटा गोळा अर्धा काळा अर्धा रुपेरी आहे आणि तो स्वतःभोवती फिरत कला दाखवतो, म्हणजे अमावास्या-पौर्णिमासुद्धा कळते. सगळ्यात बाहेरच्या कड्यावर १ ते २४ असे जुन्या वळणाचे आकडे, ते जुने चेक तास, ते सूर्यास्तापासून मोजायचे, म्हणून ऋतूप्रमाणे ते कडं हळूहळू पुढेमागे सरकतं. सासूबाईंनी सप्टेंबरच्या शेवटी इथे उभं राहून लगेच विचारलं, सूर्य तुळेत कसा दाखवतंय, आपल्याकडे तर अजून कन्येत आहे? बरोबरच होतं त्यांचं. हे घड्याळ सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या राशी दाखवतं आणि आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य तुळेत जायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. सोबत पंचांग बघणारं कोणी असेल तर या भिंतीपुढे वेळ राखून ठेवा, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

मे १९४५ मध्ये, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, टाउन हॉलला आग लागली आणि घड्याळाचं मोठं नुकसान झालं, १९४८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. या हॉलच्या मनोऱ्यावर लिफ्ट आहे. वरून बघायचंच असेल तर ज्येष्ठांना इथे न्या.

हॉलच्या पूर्वेच्या भिंतीपाशी जमिनीत २७ पांढरे क्रॉस आहेत, २१ जून १६२१ रोजी इथे मारलेल्या २७ बंडखोर पुढाऱ्यांचे. सकाळी बघितलेल्या खिडकीतून जे सुरू झालं त्याचा एक शेवट हा. लोक त्यावर उभे राहून घड्याळाचे फोटो काढतात, खाली बघून पाय ठेवा. मधला मोठा पुतळा यान हुसचा, चर्चविरुद्ध बोलला म्हणून १४१५ मध्ये जाळला, पुतळा १९१५ चा. आणि दोन काळ्या टोकदार मनोऱ्यांचं टीन चर्च, त्यात टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची कबर आहे, ज्याच्या ग्रहांच्या नोंदींवरून केप्लरने आपले पहिले दोन नियम काढले, तेही प्रागमध्येच राहून. विज्ञान शिकणारी मुलं सोबत असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

९. एक तास योसेफोव्हसाठी

शॉपिंग आणि योसेफोव्ह यातलं एकच होणार असेल तर योसेफोव्ह निवडा, हे मी प्रत्येकाला सांगते. योसेफोव्ह म्हणजे चौकापासून पाच मिनिटांवरचा जुना ज्यू मोहल्ला. शनिवारी आणि ज्यू सणांना बंद, हिवाळ्यात साडेचारला आणि उन्हाळ्यात सहाला बंद होतं, तेव्हा दिवस ठरवतानाच शनिवार टाळता आला तर टाळा. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी तिथे मिळते.

पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर, वरपासून खालपर्यंत, नाझींनी मारलेल्या चेक भूमीतल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. आडनाव, मग नाव, जन्मतारीख, शेवटची माहीत असलेली तारीख, आणि लगेच पुढचं नाव. एका आडनावाखाली पाच-सहा नावं येतात, तारखा बघितल्या की आजोबा कुठले आणि नातू कुठला ते कळतं. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत. लहान मुलांना नेताना आधी थोडं सांगून ठेवा.

लागूनच जुनी दफनभूमी. १४३९ पासून १७८७ पर्यंत ज्यूंना पुरायला जागा अपुरी होती, म्हणून थरावर थर माती घालून पुरत गेले, काही ठिकाणी बारा थर, आणि वर सुमारे १२,००० दगड एकमेकांवर कललेले. आवाज हळू ठेवा, फोटो काढताना दगडांना टेकू नका.

१०. संध्याकाळ आणि परतीची ट्रेन

आता वेळ किती उरलाय बघा. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो, जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे इथून पुढचं मोसमाप्रमाणे. उजेड आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर पारझिझ्स्का रस्त्याने सरळ नदीकडे जा, पूल ओलांडा आणि समोरच्या पायऱ्या चढून लेत्नाच्या बागेत, दिवसातला हा एकच चढ. वर एक मोठा मेट्रोनोम हलत असतो, त्या जागी १९५५ ते १९६२ स्टालिनचा प्रचंड पुतळा होता. थोडं पुढे गेलात की नदीवरचे पूल एकामागून एक ओळीने दिसतात, दुपारी गर्दीतून पार केलेला चार्ल्स ब्रिजही त्यात.

नाहीतर पावडर टॉवरवरून वात्स्लाव्स्के चौकात या. चौक म्हणतात पण आहे ७५० मीटर लांब रस्ताच, वरच्या टोकाला संत वेन्सेस्लासचा घोड्यावरचा पुतळा आणि मागे राष्ट्रीय संग्रहालय. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे इथे आले, जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने निषेध म्हणून संग्रहालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं, आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये याच रस्त्यावर लाखो लोक उभे राहिले आणि कम्युनिस्ट सरकार गेलं. संग्रहालयासमोर फरशीतून वर आल्यासारखा ब्राँझचा क्रॉस आहे, तो पालाखचा. इथून मुख्य स्टेशन चालत दहा मिनिटं.

परतीच्या तिकिटावर स्टेशनचं नाव आताच वाचून ठेवा. प्रागला मोठी स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत, बर्लिन-ड्रेस्डेनच्या गाड्या होलेशोवित्सेलाही थांबतात, आणि बस असेल तर ती बहुतेक फ्लोरेंत्सहून सुटते, जे पिवळ्या आणि लाल लाइनवर आहे. स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, लॉकरमधून सामान काढायला वेळ लागतो. मोठ्या बोर्डावर ओद्येझ्दी म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, प्र्शियेझ्दी म्हणजे येणाऱ्या. प्लॅटफॉर्म नंबर बऱ्याचदा उशिरा लागतो, सगळे बोर्डाखाली मान वर करून उभे असतात, तुम्हीही तिथेच थांबा, अंदाजाने प्लॅटफॉर्मवर जाऊन बसू नका. नंबर दोन दिसतील, एक नास्तुपिश्त्ये, म्हणजे प्लॅटफॉर्म, आणि एक कोलेय, म्हणजे रूळ. आधी प्लॅटफॉर्मचा जिना शोधा, वर गेल्यावर रुळाचा नंबर बघून बाजू ठरवा. उरलेली कोरुनाची नाणी स्टेशनवरच पाणी आणि बिस्किटांत संपवा, देशाबाहेर नाणी कोणी बदलून देत नाही.